पाच-नऊ

हौशी रेडिओवाल्यांच्या जगात सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं म्हणजे पाच-नऊ. समोरच्याचं बोलणं किती स्पष्ट आलं ते पाचपैकी सांगायचं आणि किती जोरात आलं ते नऊपैकी. म्हणजे पाच-नऊ हे पैकीच्या पैकी मार्क. पलीकडे माणूस बोलतोय की कुणी फरशी घासतंय हे कळत नसलं, तरी आपण म्हणायचं, "पाच-नऊ, मस्त येताय!" आणि लगेच विचारायचं, "नाव परत सांगता का? आणि लायसन्सवरची कॉल साइनही?" याला आमच्यात सौजन्य म्हणतात. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि तिथे मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ पाठ करून येणाऱ्यांना मी तोंडावर सांगते, "पाठांतर छान आहे, आता नंबर काढू या." पण माइक हातात आला की माझी जीभ मऊ पडते. दिसत नसलेल्या माणसाला दुखवायला मला जमत नाही.

आमच्या सकाळच्या ग्रुपवर हे खोटं न बोलणारा एकच माणूस होता, नियमकाका. नोकरीत ते लिफ्ट तपासनीस होते. एक नट ढिला दिसला तरी ते लिफ्टला सील ठोकत, त्यामुळे निम्मं शहर जिने चढताना त्यांच्या नावाने बोटं मोडत असे. निवृत्त झाल्यावर सील ठोकायला लिफ्ट उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी आम्हाला धरलं. रोज सकाळी आम्ही चौघे, म्हणजे काका, एक दंतवैद्य, एक बेकरीवाला आणि मी, एका फ्रिक्वेन्सीवर जमतो. एक जण कंट्रोल असतो, तो एकेकाला हाक मारतो आणि ज्याला हाक मारली त्यानेच बोलायचं असतं. मी लायसन्स काढलं तेव्हापासून कंट्रोल नियमकाकाच होते. सुरुवात करण्याआधी ते "फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का?" असं दोनदा विचारून थांबत. ती फ्रिक्वेन्सी आमच्याशिवाय जन्मात कुणी वापरली नव्हती, पण काका थांबत. धंद्याची जाहिरात नको, राजकारण नको, गरजेपेक्षा जास्त पॉवर नको. आजारपणावर नियम नव्हता. पण दंतवैद्याने एकदा नाश्त्याच्या वेळेला एका अक्कलदाढेची हकीकत सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून तोही झाला.

रिपोर्ट देताना काका सेटवरचा काटा बघत. येणाऱ्या आवाजाच्या जोराबरोबर हा काटा उजवीकडे झुकतो. तो असतो सगळ्यांच्याच सेटवर, फक्त आम्ही त्याच्याकडे बघत नाही. मला काका म्हणत, "चष्मेवाल्या बाई, चार-सहा. आणि माइकमध्ये श्वास सोडू नका." एवढ्या वर्षांत मला त्यांच्याकडून एकदाही पाच मिळाले नाहीत. मी मात्र त्यांना रोज न चुकता पाच-नऊ द्यायची, आणि ते रोज न चुकता म्हणायचे, "काटा बघून सांगितलंत की सवयीने?"

तर एका सकाळी आमचा कार्यक्रम आटोपला. काकांनी रीतसर फ्रिक्वेन्सी मोकळी केली. माझा सेट दुकानाच्या मागच्या खोलीत असतो. मी तो चालूच ठेवून काचा पुसत होते, तेवढ्यात त्यातून भांड्यांचा आवाज यायला लागला. मग एक खुर्ची सरकली. मग काकूंचा आवाज आला, "अहो, कांदे मिळाले नाहीत. नुसते बटाटे आणलेत."

मला काय झालं ते लगेच कळलं. काका बोलायचं बटण हाताने दाबत नाहीत, त्यांच्या टेबलाखाली पायाने दाबायची पट्टी आहे. त्या पट्टीवर काहीतरी बसलं होतं, आणि त्यांचं सगळं घर आता हवेत होतं. सेट जुना असल्यामुळे आपोआप बंद होण्याची सोय त्यात नव्हती. आणि आपण पाठवत असताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्यामुळे रेडिओवरून त्यांना सांगायचीही सोय नव्हती. मी हसत हसत फोनकडे हात नेला.

"दाताचा डॉक्टर आज किती बोलला हो," काकू म्हणाल्या.

"काय?"

"दाताचा डॉक्टर!"

"दात ठीक आहेत माझे."

मी तोंडावर हात ठेवून हसले. मग काकूंनी आणखी मोठ्याने दुसरंच काही विचारलं, आणि माझं हसू थांबलं. त्या विचारत होत्या, "कानाचे डॉक्टर काय म्हणाले ते त्या लोकांना कधी सांगणार?"

 काका इतक्या हळू बोलले, की मी स्पीकरला कान लावला. "उजवा गेलाच. डावाही चाललाय. मशीन लावलं तर त्यात नुसती खरखर वाढते. पण माझं चालतं गं. कुणानंतर कोण येतो ते ठरलेलं आहे. काटा हलला की कळतं आला, काटा पडला की कळतं बोलून झालं. आणि रोज काय नवीन बोलतात? बेकरीवाला भट्टीचं बोलतो, चष्मेवाली पाच-नऊ म्हणते."

"आणि एखाद्या दिवशी कुणाला खरंच काही झालं तर?"

"ज्या दिवशी कुणी हाक मारेल आणि मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी अँटेना उतरवीन. तोवर कुणाला कळता कामा नये." मग ते म्हणाले, "सकाळची ती तीन माणसं गेली, तर मी उठू कशासाठी?"

मी फोन खाली ठेवला. त्यांना आता फोन केला असता तर आपण ऐकलं हे त्यांना कळलं असतं. नियमाप्रमाणे मी सेट बंद करायला हवा होता, तोही केला नाही. हातात फडकं धरून तशीच उभी राहिले. शेवटी काकूंचा आवाज आला, "अगं बाई, पिशवी मी इथे खाली ठेवली होय!" मग खटका वाजला आणि शांतता झाली. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं. "ताई, रडताय का?" त्याने विचारलं. मी त्याला सांगितलं की काच पुसायचं पाणी डोळ्यात गेलं.

त्या रविवारी आम्ही दंतवैद्याच्या दवाखान्यात जमलो. बसायला दोनच स्टुलं होती, म्हणून बेकरीवाला रुग्णाच्या खुर्चीत आडवा झाला. त्याची सकाळ बाकीच्यांच्या कितीतरी आधी होते, त्यामुळे आडवा झाला की त्याचे डोळे मिटतात. आमच्या परीक्षेतला एक नियम तिघांनाही पाठ होता. आपल्यासाठी नसलेलं काही कानावर पडलं, तर ते दुसऱ्याला सांगायचं नाही.

"मी काही ऐकलेलं नाही," दंतवैद्य म्हणाला.

"मीही नाही," मी म्हणाले.

"मी तर त्या वेळी पाव काढत होतो," बेकरीवाला डोळे मिटूनच म्हणाला. "पण जे ऐकलं नाही, त्याचं आता करायचं काय?"

दंतवैद्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. हळू बोलायचं, शब्द तोडून बोलायचं आणि सगळ्यांनी पॉवर वाढवायची. म्हातारा माणूस आहे, त्याच्या हातातून हे काढून घ्यायचं नाही. मी लगेच मान डोलावली. परत येताना मात्र काकूंचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. कुणाला खरंच काही झालं तर?

पुढचे काही आठवडे आमच्या ग्रुपवर जी भाषा चालली, ती ऐकून परक्या माणसाला वाटलं असतं की हा मतिमंदांचा वर्ग आहे. "न-म-स्कार का-का," दंतवैद्य म्हणायचा. माझ्या सेटची पॉवर मी इतकी वाढवली, की मी बोलायला लागले की शेजारच्या शिंप्याच्या दुकानातले दिवे लुकलुकत. त्याने येऊन भांडण केलं आणि मी त्याला चष्म्याची एक फ्रेम फुकट दिली. काका खुशीत होते. "अलीकडे हवा फार चांगली आहे," ते रोज म्हणत. "सगळे खणखणीत येताय." एके दिवशी मला चार-आठ मिळाले. इतक्या वर्षांनी आकडा वाढला आणि मला त्याची लाज वाटली.

मग आपत्कालीन सराव आला. तो दरवर्षी होतो. एकाने दूर कुठेतरी जायचं, हातातला छोटा सेट घ्यायचा, त्यावर अर्धा वॅट एवढीच पॉवर ठेवायची, कारण खऱ्या संकटात बॅटरी पुरवून वापरावी लागते. आपण जखमी आहोत असं सांगायचं. कंट्रोलने निरोप उतरवून घ्यायचा आणि मदत पाठवल्याचं नाटक करायचं. यंदा जखमी होण्याची पाळी दंतवैद्याची होती. तो पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर गेला. हातात छोटा सेट, आणि गाडीच्या डिकीत मोठा सेट आणि मोठी बॅटरी. हे मला तो निघताना हळूच सांगून गेला होता.

"कंट्रोल, कंट्रोल," त्याचा आवाज गडगडला. "मी टे-क-डी-वर आहे. माझा पा-य मो-ड-ला आहे."

"ऐकतोय," काका म्हणाले. मग विचारलं, "दंतवैद्य, तुमची पॉवर किती?"

"अर्धा वॅट, काका. नियमाप्रमाणे."

काकांनी पायपट्टी दाबली आणि नुसती धरून ठेवली. कॉल साइन न सांगता एवढा वेळ ती दाबून ठेवायची त्यांची रीत नव्हती. मग ते म्हणाले, "अर्ध्या वॅटला माझा काटा टोकाला आपटत नाही. तुम्ही सांगताय तेवढ्यात तो हलायलाही नको. आणि फक्त तुमचाच नाही. गेले काही आठवडे सगळ्यांचेच काटे उजवीकडे गेलेत. मला वाटलं, हवा चांगली आहे."

मला दुकानात बसल्या बसल्या मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं लिफ्ट तपासलेला माणूस, आणि आम्ही त्याला फसवायला निघालो होतो.

"मोठा सेट बंद करा," काका म्हणाले. "अर्ध्या वॅटवर या. सराव पहिल्यापासून सुरू."

दंतवैद्य आला. माझ्याकडे त्याचा आवाज बारीक, खरखरीतून पण व्यवस्थित आला. "कंट्रोल, टेकडीवर आहे, पाय मोडलाय, मदत पाठवा." काकांचं उत्तर नाही. त्याने पुन्हा सांगितलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा सांगताना तो नाटक विसरला होता, नुसता "काका, काका" म्हणत होता.

"काटा थरथरतोय," काका म्हणाले. त्यांचा आवाज मोठा होता, अंधारात चाचपडणारा माणूस मोठ्याने बोलतो तसा. "कुणी हाक मारतंय का? चष्मेवाल्या बाई, तुम्हाला काही ऐकू आलं?"

बटणावर माझं बोट होतं. 'नाही' म्हणणं अगदी सोपं होतं. दंतवैद्याने हसत हसत सांगितलं असतं की छोट्या सेटची बॅटरी गेली, बेकरीवाल्याने री ओढली असती, आणि उद्या सकाळी सगळं पहिल्यासारखं सुरू झालं असतं. आणि मग एखाद्या दिवशी त्या टेकडीवर कुणीतरी खरंच पडलं असतं. भिंतीवरचा तक्ता पाठ करून आलेल्या माणसाला मी गाडी चालवू देत नाही. दुकानात मला हे कळतं, तर इथे का कळू नये?

मी कॉल साइन सांगितली आणि म्हणाले, "हो, काका. तीनदा ऐकू आलं."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

"मग आता माझ्या कानांचा रिपोर्ट द्या. सगळ्यांनी द्या."

"पाच-नऊ, काका!" बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. पाठोपाठ खरखरीतून दंतवैद्यही तेच म्हणाला, ते अर्थात काकांना ऐकूच आलं नाही.

"चष्मेवाल्या बाई?"

"दोन," मी म्हणाले. "दोन, काका. आणि कमी होतोय."

"आभारी आहे," काका म्हणाले. "तुमचा आजवरचा पहिला खरा रिपोर्ट. जखमीचा निरोप तुम्ही घ्या, कंट्रोल तुमच्याकडे." आणि खटका वाजला.

दंतवैद्य माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. "हे अँटेना उतरवा म्हणतायत. तुम्ही येता का सगळे?"

रविवारी आम्ही गच्चीवर गेलो. काका पाना घेऊन आधीच खांबापाशी उभे होते. दंतवैद्याने शिडी धरली, बेकरीवाल्याने ती धरलेला दंतवैद्य धरला, आणि वर कुणीच चढेना. काका मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत होते, गंजलेल्या नटांना तेल कसं घालावं वगैरे. मला ते बघवेना आणि माझं फटकळ तोंड सुटलं.

"एक हाक ऐकू आली नाही, म्हणून लगेच अँटेना उतरवायची?" मी त्यांच्या डाव्या कानाजवळ ओरडले. "हा कुठला नियम?"

"माझा."

"तो घरात बसून बायकोला सांगितलेला नियम! तो काही पुस्तकात नाही!"

काकांनी पाना खाली केला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी जीभ चावली. दंतवैद्य शिडीकडे बघायला लागला. बेकरीवाला झोपल्याचं सोंग घेऊ शकला नाही, कारण तो उभा होता. काका एकेकाकडे बघत राहिले. लिफ्टमधला ढिला नट शोधताना ते असेच बघत असणार.

"बटाटे!" दारातून काकू ओरडल्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. "त्या दिवशी मी पिशवी तुमच्या पायपट्टीवर ठेवली होती. आपण हवेत होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

"सगळं गेलं हवेत?" काकांनी मला विचारलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले होते.

"दातांपासून सगळं."

"आणि इतके दिवस तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत."

"आपल्यासाठी नसलेलं ऐकलं तर दुसऱ्याला सांगायचं नाही," मी म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत."

आधी वाटलं ते रागावतील. पण ते हसायला लागले. हसता हसता पाना हातातून पडला आणि दंतवैद्याच्या पायावर आपटला. सरावात मोडलेला पाय तो हाच, असं बेकरीवाला म्हणाला. मग काका एकदम थांबले. 'मी उठू कशासाठी' हे शेवटचं वाक्यही आम्ही ऐकलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते मान वळवून गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांकडे बघायला लागले.

"आम्हीही त्या सकाळसाठीच उठतो, काका," मी म्हणाले. ओरडून म्हणाले, सगळ्या गच्चीला ऐकू गेलं. "बेकरीवाला सोडून. तो भट्टीसाठी उठतो."

अँटेना राहिली. पण कंट्रोल परत घ्यायला काका तयार होईनात. कंट्रोलला ऐकू आलंच पाहिजे हा पुस्तकातला नियम आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा सूत्रं हातात घेतली. फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का, असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा थांबले. दंतवैद्य बोलला, बेकरीवाला बोलला. मी पॉवर नेहमीइतकी खाली आणून ठेवली होती. शेवटी "आणखी कुणी?" असं विचारून मी वाट बघत बसले. काटा पडून होता.

मग काटा हलला आणि स्पीकरमधून जाडसर आवाज आला. टिक, टिक, लांब टिक. मोर्स. काकांनी ठोके मारून अक्षरं पाठवायची जुनी किल्ली बाहेर काढली होती. स्पीकरवर बोट ठेवलं की ठोके कळतात, त्याला कान लागत नाहीत, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. माझं मोर्स पहिल्यापासून कच्चं. परीक्षेत कशीबशी पास झाले होते, आणि काकांनी त्यावरून मला वर्षानुवर्षं टोमणे मारले होते. त्यांचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं. मी अडखळत माझ्याकडच्या किल्लीवर ठोकलं, 'परत'. त्यांनी परत पाठवलं. मी पुन्हा 'परत' ठोकलं. त्यांनी एक टोमणाही मारला नाही. आणखी हळू, एकेक अक्षर तोडून, मधे जागा सोडून पाठवलं. न-म-स्कार का-का म्हणणारे आम्ही मला आठवलो, आणि मला डोळे पुसून पुसून अक्षरं लिहावी लागली.

शेवटी ते कागदावर जुळलं. चष्मेवाल्या बाई, तुमचा रिपोर्ट. जोर सहा, काटा बघून. स्पष्टपणा माझ्या कानाने दोन, हिच्या कानाने पाच.